पहिली खबर कोण देणार?

२००६ च्या फेब्रुवारीत मी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरजवळच्या एका शाळेत शिकवत होते. वर्गातल्या चार-पाच मुलांचे वडील पोल्ट्रीवर कामाला होते. शेडमध्ये कोंबड्या मरताहेत हे त्या मुलांना सगळ्यांत आधी कळलं. गावाला नंतर कळलं, जिल्ह्याला त्याहून उशिरा, आणि देशाला १८ फेब्रुवारीला, भोपाळच्या प्रयोगशाळेने हा एच५एन१ विषाणू असल्याचं सांगितल्यावर. भारतातला बर्ड फ्लूचा तो पहिला उद्रेक. तोवर नवापुरात अनेकांच्या तोंडी ‘राणीखेत’ हाच शब्द होता. राणीखेत म्हणजे कोंबड्यांचा जुना, ओळखीचा रोग. त्याला लस आहे, त्याने धंदा बंद पडत नाही आणि वर्तमानपत्रात गावाचं नाव येत नाही. घरात तापाने फणफणलेलं माणूस असलं की आपण ‘साधा सर्दी-ताप आहे’ म्हणतो, तसंच ते होतं.

मग पांढऱ्या पोशाखातली पथकं आली, जेसीबीने खड्डे खोदले गेले आणि लाखो कोंबड्या पुरल्या गेल्या. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. रोगाने ती हद्द मानली नाही, पलीकडे उच्छलमध्येही तो सापडला. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या गावांत परसातल्या कोंबड्यांमध्ये निघाला. माणसांत लागण झाली नाही, म्हणून राज्याने ती गोष्ट लवकर विसरून टाकली. नवापूरला ती विसरता आली नाही. पंधरा वर्षांनी, २०२१ च्या फेब्रुवारीत, तिथेच पुन्हा बर्ड फ्लू आला आणि पुन्हा खड्डे खोदावे लागले.

त्या वेळी पोल्ट्रीवाल्यांना खूप दोष दिला गेला. त्यांनी लपवलं, उशीर केला, असं म्हटलं गेलं. मी त्या घरांत जात-येत होते. खाद्याची उधारी आणि बँकेचा हप्ता मानेवर असलेल्या माणसासमोर काय पर्याय होता ते मी पाहिलं आहे. खबर दिली की स्वतःच्या कोंबड्या जाणार, आणि ठरलेल्या परिघातल्या शेजाऱ्यांच्याही जाणार. सरकार भरपाई देतं. ती पथकाने मारलेल्या पक्ष्यांची असते, रोगाने आधीच मेलेल्यांची नसते. लवकर कळवणाऱ्याच्या हाती जास्त पैसे यावेत हा त्यामागचा विचार, आणि तो योग्यच आहे. पण भरपाई पक्ष्याची मिळते. पुढचे कित्येक महिने रिकाम्या राहणाऱ्या शेडचं काय, थकलेल्या हप्त्याचं काय, आणि ज्याच्या नावावर एकही कोंबडी नाही त्या शेडवरच्या मजुराचं काय? माझ्या वर्गातली ती मुलं मजुरांची होती. त्यांतली दोन पुढच्या जूनमध्ये शाळेत आली नाहीत.

गेल्या पाच-सहा वर्षांत ‘साथीची तयारी’ या विषयावर पुष्कळ बोललं गेलं. त्यात खाटा असतात, व्हेंटिलेटर असतात, लशींचे साठे असतात, आणि देशांची क्रमवारीही असते. ऑक्टोबर २०१९ मध्ये जागतिक आरोग्य सुरक्षेची अशी एक क्रमवारी निघाली होती. तिच्यात अमेरिका पहिली आणि ब्रिटन दुसरं होतं. पुढच्या वर्षी त्या दोन्ही देशांत काय झालं ते जगाने पाहिलं. मला वाटतं, आपल्यासारख्या देशाची तयारी जोखायची असेल तर आधी पहिली खबर देणाऱ्या माणसाकडे पाहावं. खबर दिल्यावर त्याचं पुढे काय होतं? त्याचं नुकसान होत असेल, तर बाकीची सगळी यंत्रणा उशिरा जागी होणार हे ठरलेलं आहे.

आमच्या आजीच्या पिढीला हे ठाऊक होतं. उंदीर पडले की घर सोडायचं आणि मळ्यात झोपडी घालून राहायचं, अशी खेड्यापाड्यांची रीत होती. उंदीर पडल्याचं सांगणाऱ्याला कोणी दटावत नसे, कारण त्याच्या सांगण्याने सगळ्यांचाच जीव वाचायचा. १८९६ मध्ये प्लेग मुंबईत उतरला आणि सरकारने १८९७ चा साथरोग कायदा केला, तेव्हा शहरात मात्र याच्या उलट घडलं. पुण्यात रँडच्या अमलात घरांची झडती सुरू झाली आणि लोक रोगी लपवू लागले. चार-पाच कलमांचा तो कायदा आजही आपल्या उपयोगात आहे. त्याचं तिसरं कलम हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा सांगतं. चौथं कलम सद्‌हेतूने काम करणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण देतं. २०२० मध्ये दुरुस्ती झाली, ती आरोग्य कर्मचाऱ्यांवर हात टाकणाऱ्यांना कडक शिक्षा व्हावी म्हणून, आणि ती हवीच होती. पण आजार आपणहून कळवणाऱ्याला काय मिळेल, यावर त्या कायद्यात एक ओळही नाही.

१९९४ चं सुरत खान्देशाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडच्या किती घरांची चूल सुरतेच्या लूमवर आणि हिऱ्यांच्या कारखान्यांवर चालते! सप्टेंबरात तिथे प्लेगची बातमी फुटली आणि लाखो माणसं शहर सोडून निघाली. त्यांतली आपली माणसं ताप्ती व्हॅलीच्या गाड्यांनी नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर अशा स्टेशनांवर उतरली. कोण कुठून आलं हे गावाला माहीत होतं, पण सांगायला कोणी तयार नव्हतं. सांगितलं असतं तर शेजारी दार लावून घेणार, हे उघडच होतं. देशालाही तेव्हा तोच अनुभव आला. प्लेग जाहीर झाल्यावर कितीतरी देशांनी भारताची विमानं आणि माल अडवला. सुरतेहून गावी परतलेला माणूस आणि दिल्लीचं सरकार, दोघांनाही तेव्हा एकच धडा मिळाला, की बोललं की नुकसान होतं. तो धडा चुकीचा होता, पण तो त्यांना जगाने शिकवला.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगते. पुढे बदली होऊन मी साक्री तालुक्यात आले. २०२० च्या ऑक्टोबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेच्या सर्वेक्षणात आम्हा शिक्षकांनाही घेतलं होतं. आशाताई, हातात ताप मोजायची गन, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि घरोघरचा फॉर्म. दसरा आठवड्यावर आला होता. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या गाड्या निघतात. एका घरात तिशीचा माणूस खाटेवर पांघरूण घेऊन पडला होता. गनने ताप दाखवला. आशाताईंनी पेन उघडलं, तसा तो उठून बसला आणि मला म्हणाला, “मॅडम, तुम्ही ताप लिखशात, पन मनी उचल कोन फेडी?”

उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. ती बहुतेक खर्च झालेली असते, दवाखान्यात, लग्नात, नाहीतर आधीच्याच कर्जात. गाडी चुकली तर ती फिटत नाही, आणि फडावर गेल्यावर आजारी पडलं तर पडलेल्या दिवसाचा खाडा धरला जातो, म्हणजे मजुरी तर जातेच, वर पैसे कापले जातात. आशाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. त्या घरापुढच्या रकान्यात ‘लक्षणे नाहीत’ असं लिहिलं गेलं. चार दिवसांनी ते जोडपं ट्रकमध्ये बसून निघून गेलं, बरोबर लहान मूल होतं. फॉर्मवर माझी सही आहे. त्या सहीची मला आजही लाज वाटते. पण त्याच्या प्रश्नाला त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. तालुक्याकडे नव्हतं आणि राज्याकडेही नव्हतं.

खरं म्हणजे महाराष्ट्राकडे या प्रश्नाचं उत्तर पन्नास वर्षांपूर्वी होतं. १९७२ च्या दुष्काळातून आपल्याकडे रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. दुष्काळात उपाशी राहिलेल्या माणसाने सरकारकडे याचना करायची नाही, काम मागायचं, आणि ते देणं सरकारला बांधील राहील, हा विचार या मातीतला आहे. देशाने तो नंतर घेतला. दुष्काळाला आणखी एक गोष्ट आहे: पैसेवारी. गावातल्या पिकाचा अंदाज निघतो, तो पन्नास पैशांच्या खाली गेला की गाव टंचाईत धरलं जातं आणि शेतसाऱ्यात सूट, वीजबिलात सवलत, मुलांची परीक्षा फी माफ असं काहीबाही ठरल्याप्रमाणे सुरू होतं. पैसेवारी काढण्यात किती राजकारण चालतं हे मला ठाऊक आहे. तरी तिचं महत्त्व यात आहे की पीक बुडालं हे सांगितल्याने शेतकऱ्याचं नुकसान होत नाही. म्हणून ते कोणी लपवत नाही. उलट गाव एकमुखाने तहसीलवर जातं आणि सांगतं.

साथीसाठी असं काहीच नाही. ताप आल्याचं सांगणाऱ्या गावाला काय मिळतं? बांबू आडवे टाकून बंद केलेला रस्ता, घरावर लावलेला कागद, बाजारबंदी. २०२० च्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी न आलेल्या लेकींची हुरहुर मला समजते, कारण तेव्हा सगळा देशच बंद होता. पण नंतरच्या दोन वर्षांत ज्या घरात चाचणी झाली तेच घर वाळीत पडलं आणि ज्या घरात झाली नाही ते मोकळं फिरलं. हा हिशेब लोकांनी पटकन केला. तो चुकीचाही नव्हता.

म्हणून माझी मागणी आहे की रोजगार हमीने दुष्काळात काम मागायचा हक्क दिला, तसा साथीत घरी बसून मजुरी मिळण्याचा हक्क कायद्याने द्यावा. संशयित म्हणून ज्याला घरी थांबायला सांगितलं, त्याला तेवढ्या दिवसांची मजुरी मिळावी. अहवाल ‘नाही’ आला तरी मिळावी, किंबहुना तेव्हा तर नक्कीच मिळावी, कारण त्याने विनाकारण घाबरवलं नाही, विचारल्यावर खरं सांगितलं. ऊसतोड मजुराच्या बाबतीत त्या दिवसांचा खाडा धरता येणार नाही आणि गाडी चुकली म्हणून उचलीवर व्याज चढवता येणार नाही, हे मुकादमाला आणि कारखान्याला बांधून द्यावं. गावात तापाचे रुग्ण ठरावीक संख्येच्या वर गेले की ही मजुरी आपोआप सुरू व्हावी, जिल्ह्यातून आदेश येण्याची वाट पाहावी लागू नये. ती संख्या किती हे साथरोगाच्या जाणकारांनी ठरवावं. मला फक्त साथीची पैसेवारी हवी आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो खोट्या आजारांचा. पैसे मिळणार म्हटल्यावर गावंच्या गावं तापाने पडतील, असं एका बैठकीत मला ऐकवलं गेलं. सात दिवसांच्या मजुरीसाठी रक्त द्यायला, नाकात काडी घालून घ्यायला आणि घरात कोंडून घ्यायला किती जण येतील? काही येतील. त्यांतला प्रत्येक जण तपासला जाईल, म्हणजे ज्याची दखल एरवी कोणी घेतली नसती असा एखादा खरा रुग्णही त्यात सापडेल. खोटी खबर आली तर एक चाचणी वाया जाते. दडवलेली खबर केवढ्याला पडते ते आपण २०२१ च्या एप्रिलात स्मशानांत पाहिलं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि मला तो टाळायचा नाही. लोक म्हणतात, खबरीचं राहू द्या, माणूस वाचला तो ऑक्सिजनने. नंदुरबारचंच उदाहरण देतात. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे स्वतः डॉक्टर, साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे. पहिल्या लाटेतच, २०२० च्या सप्टेंबरात, त्यांनी जिल्हा रुग्णालयात हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा प्रकल्प बसवला आणि दुसऱ्या लाटेआधी आणखी वाढवले. ऑक्सिजन वाया जातोय का हे पाहायला वेगळ्या परिचारिका नेमल्या गेल्या. मोठी शहरं टँकरची वाट पाहत होती तेव्हा या आदिवासी जिल्ह्याकडे स्वतःचा प्राणवायू होता, आणि शेजारच्या राज्यांतले रुग्णही इथे आले. याचा मला अभिमान आहे. पण हा प्रकल्प रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचलेल्या माणसाला वाचवतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून, जिथे बांबूच्या झोळीत घालून बाळंतिणीला रस्त्यापर्यंत आणावं लागतं, तिथून तो माणूस वेळेत निघेल का, हे त्याने आधी कोणाला सांगितलं त्यावर ठरतं. नर्मदेच्या फुगवट्यात स्वतः होडी वल्हवत पाड्यांवर जाणारी एक अंगणवाडी सेविका त्या काळात देशभर कौतुकाचा विषय झाली. ती पोहोचली म्हणून तिथली माणसं बोलली.

जळगावची गोष्ट याच्या उलट आहे. २०२० च्या मे-जूनमध्ये तिथला मृत्युदर देशातल्या सर्वांत जास्त मृत्युदरांपैकी होता. रुग्ण फार उशिरा येतात, असं एक कारण तेव्हा दिलं जायचं. का येत होते उशिरा? त्याच जूनमध्ये रुग्णालयातून बेपत्ता झालेल्या एका कोविडग्रस्त वृद्धेचा मृतदेह आठ दिवसांनी तिथल्याच शौचालयात सापडला. ही बातमी गावोगावच्या मोबाइलवर पोहोचली. त्यानंतर कोणती सून आपल्या सासूचा ताप सांगायला पुढे येईल? रुग्णाची हेळसांड म्हणजे पुढच्या शंभर खबरी बंद होणं. आरोग्य खात्यात ही गोष्ट शिस्तभंगाच्या फायलीत जाते. ती साथरोगाच्या फायलीत जायला हवी.

आणि आशाताई. २००५ पासून हजार लोकसंख्येमागे एक आशा हे आपल्या आरोग्यव्यवस्थेचे कान आहेत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. त्याच्या आदल्या वर्षी, साथ चालू असताना, महाराष्ट्रातल्या सुमारे सत्तर हजार आशांना मोबदल्यासाठी संपावर जावं लागलं होतं. कोविडच्या कामासाठी केंद्राकडून त्यांना महिन्याला १,००० रुपये मिळत होते, म्हणजे दिवसाला तेहेतीस-चौतीस. माझ्याबरोबर फिरलेल्या ताईंचं मला एक वाक्य आठवतं: “मॅडम, मी वर्षानुवर्षं कागद वर पाठवते. वरून मला कधी काही कळत नाही.” २००४ पासून देशात रोगसर्वेक्षणाचा कार्यक्रम आहे. आरोग्य कर्मचाऱ्याचा एक तक्ता, डॉक्टरचा दुसरा, प्रयोगशाळेचा तिसरा, असं ते दर आठवड्याला वर जायचं. आता ते मोबाइलवरून जातं. खाली मात्र काही येत नाही. गावात आठ जणांना जुलाब लागले हे कळवणाऱ्या ताईला पाण्याच्या नमुन्याचा निकाल तीन दिवसांत फोनवर सांगितला, तर पुढच्या वेळी ती पाच जणांवरच कळवेल. याला नवी इमारत लागत नाही.

सार्वजनिक आरोग्यावर २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के खर्च करू, असं २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाने लिहिलं होतं. २०२१-२२ चा, म्हणजे ऐन साथीतला, सरकारी हिशेब १.८४ टक्के दाखवतो. पैसा वाढायला हवा यात वादच नाही. पण वाढलेला पैसा पुन्हा यंत्रांतच गेला तर ती यंत्रं चालवणारा तंत्रज्ञ नाही म्हणून ताडपत्रीखाली जातील.

हाच अन्याय देशादेशांत चालतो. इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने जगाला दिले. त्यांच्यावरून परदेशात लस होते आणि ती आपल्यालाच परवडणार नाही, हे लक्षात आल्यावर २००७ मध्ये त्यांच्या आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांनी नमुने देणं थांबवलं. श्रीमंत देश संतापले. पण त्यातूनच २०११ चा फ्लूच्या विषाणूंविषयीचा करार झाला. २०१४ मध्ये नायजेरियात लागोसच्या डॉ. अमेयो अदादेवोह यांनी दबाव झुगारून देशातला पहिला इबोला रुग्ण रुग्णालयातच थांबवून ठेवला. साथ वीस रुग्णांवर थांबली. त्या स्वतः त्यात गेल्या. २०२१ च्या नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओमायक्रॉन ओळखला, लगेच जगाला सांगितलं, आणि काही तासांत त्यांची विमानं बंद झाली. नवापूरच्या पोल्ट्रीवाल्याला हे ऐकून नवल वाटलं नसतं.

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने महासाथींचा करार मंजूर केला. विषाणूचे नमुने देणाऱ्यांना त्यातून बनणाऱ्या लशी-औषधांत वाटा मिळावा, कंपन्यांनी उत्पादनाचा पाचवा हिस्सा जागतिक आरोग्य संघटनेकडे द्यावा आणि त्यातला निम्मा तरी फुकट असावा, अशी कल्पना त्यात आहे. तिचा तपशील मात्र पुढच्या वाटाघाटींवर सोपवला गेला. पेटंटची अट सैल करा म्हणून २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेने मागणी केली, तिचं २०२२ मध्ये किती थोडकं हाती लागलं ते आठवलं की या तपशिलावर भारताने घट्ट उभं राहायला हवं असं वाटतं. आणि तिथे उभं राहताना घरचा कायदाही त्याच न्यायाचा असायला हवा. जिनिव्हात नमुना देणाऱ्या देशाचा हिस्सा मागायचा आणि साक्रीत ताप सांगणाऱ्या मजुराचा खाडा धरू द्यायचा, हे एकत्र चालणार नाही.

तोवर थांबायचं का? ग्रामसभेच्या हातात आजही थोडे पैसे आहेत. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला दहा हजारांपर्यंत अबंधित निधी येतो. आदिवासी स्वशासनाच्या पेसा कायद्याखालच्या, म्हणजे आमच्या डोंगरपट्ट्यातल्या, ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट मिळतो. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साली महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे समितीच्या दहा हजारांत चार माणसांना सात दिवस घरी बसवता येतं आणि वर ताईंच्या फोनचं रिचार्ज होतं. नियमात हा खर्च बसवायला जिल्हा परिषदेचा एक ठराव आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचं एक पत्र लागेल. साथ ओळखायला बहुतेक वेळा पहिली चार माणसंच पुरतात. मी माझ्या गावच्या ग्रामसभेत हा ठराव लिहून दिला आहे. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो सातव्या क्रमांकावर आहे, गटारीच्या कामानंतर.